वरातीची गाणी राहतात कुठे?

मंडळी, हल्ली खेडेगावात लग्नाची वरात निघायची म्हणजे पुढे डीजे हवाच. हा ‘डीजे’ शब्द मोठा गमतीचा आहे. मूळ इंग्रजीत तो ‘डिस्क जॉकी’ या दोन शब्दांचा संक्षेप. म्हणजे तबकडीवरचा स्वार. आपल्याकडे स्वार राहिला बाजूला आणि टेम्पोवर रचलेल्या ध्वनिपेट्यांच्या डोंगरालाच आपण डीजे म्हणू लागलो. त्या टेम्पोत तबकडी म्हणाल तर औषधालासुद्धा सापडायची नाही. मग गाणी असतात तरी कुठे?

गेल्या उन्हाळ्यात गावी एका वरातीत हा प्रश्न सगळ्यांपुढेच उभा राहिला. मारुतीच्या देवळापाशी वरात आली आणि गाणे मध्येच थांबले. वीज होती, पेट्या ठणठणीत होत्या. पण करंगळीएवढा पेनड्राइव्ह आपल्या पोटात काहीच नाही असे सांगू लागला. डीजेवाल्या पोराने मोबाइल जोडून वेळ निभावली. वरात पुढे गेल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “सर, लग्नाची गाणी परत मिळतील हो. पण बाबांच्या कॅसेटी मी ह्यातच घेतल्या होत्या.”

त्याचे बाबा म्हणजे आमच्या लहानपणीचे भोंगेवाले काका. 1991 साली गावच्या हरिनाम सप्ताहात त्यांनी आपल्या टेपवर भजनी मंडळाचे गाणे उतरवून घेतले होते. त्या मंडळातली बहुतेक माणसे आज हयात नाहीत, आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठे असण्याचा संभव नाही. मुलाने त्या कॅसेटी पेनड्राइव्हवर घेतल्या आणि घर सारवताना भंगारवाल्याला देऊन टाकल्या. त्याची चूक काय झाली हे समजायचे तर आवाज साठवण्याची जुनी आणि नवी रीत जरा नीट पाहिली पाहिजे.

आमच्या वडीलमंडळींच्या काळी भोंगेवाल्याच्या पत्र्याच्या पेटीत तबकड्या असत. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या. आपल्या देशात ध्वनिमुद्रण सुरू झाले 1902 साली आणि 1908 पासून तबकड्या कलकत्त्यातच घडू लागल्या. त्या लाखेच्या असत. होय, झाडावरच्या किड्यांपासून मिळते तीच लाख. हातातून पडली की तबकडी फुटलीच. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गवयांनी तेवढ्या वेळात अख्खा राग उभा केला, ही त्यांची करामत. भोंगेवाल्याला मात्र दर तीन मिनिटांनी उठावे लागे. चाळीस तबकड्यांची पेटी उचलताना खांदा दुखायचा आणि आत गाणी किती, तर ऐंशी!

तबकडीवर आवाज कोरलेला असतो. गायकाच्या आवाजाने हवा जशी थरथरली तसतशी खाच वेडीवाकडी जाते. सुई त्या खाचेतून फिरली की तीच थरथर परत उमटते. पुढे 1963 साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. तिच्यात खाच नाही. प्लॅस्टिकच्या पातळ फितीवर लोखंडाच्या गंजासारख्या भुकटीचा थर असतो आणि आवाजाप्रमाणे त्या थराचे चुंबकत्व कमीजास्त होते. कॅसेटचा खरा उपकार असा की ध्वनिमुद्रण कंपनीच्या हातून सामान्य माणसाच्या हाती आले. तबकडी घरी काढता येत नव्हती; कॅसेट कोणीही भरावी. आजीच्या ओव्या, गोंधळ्याची कथा, सप्ताहाचे भजन हे सारे घराघरांत टिकले ते या स्वस्त फितीमुळे.

नव्या रीतीत आवाज कोरत नाहीत, मोजतात. हे शाळेत सहज दाखवता येईल. आलेखाच्या कागदावर एका मुलाला नागमोडी रेघ काढायला सांगा. दर चौकटीला त्या रेघेची उंची किती, ते आकडे लिहायला लावा. मग कागद लपवून नुसते आकडे दुसऱ्या मुलाला द्या. तो त्या आकड्यांवरून बिंदू मांडील, ते जोडील आणि जवळजवळ तीच रेघ पुन्हा उभी राहील. चौकटी जितक्या बारीक तितके साम्य जास्त. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीत सेकंदाला 44,100 वेळा आवाजाची उंची मोजलेली असते आणि ती मोजणारी पट्टी 65,536 पायऱ्यांची असते. माणसाचा कान सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. तेवढे पकडायला त्याच्या दुपटीहून थोडी अधिक मापे लागतात, म्हणून हा आकडा.

आता हिशेब करू. डाव्या-उजव्या दोन्ही कानांसाठी मोजायचे, तर तीन मिनिटांच्या गाण्याचे जवळजवळ 3 कोटी 17 लाख बाइट होतात. बाइट म्हणजे आकडा लिहायचे एक घर समजा. बत्तीस जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये अशी हजार गाणी मावतील. डीजेवाल्याला तेवढ्याने भागत नाही. म्हणून एमपी3 ही युक्ती निघाली. ढोल जोरात वाजत असता शेजारचा बारीक सूर आपल्याला ऐकूच येत नाही. मग तो लिहून तरी कशाला ठेवा? असे न ऐकू येणारे वगळले की गाणे अकराव्या हिश्श्यात बसते आणि हजाराची अकरा हजार गाणी होतात. वरातीच्या गोंगाटात हा फरक कोणाला कळणार आहे? पण वगळलेले परत मिळत नाही, आणि एमपी3 वरून पुन्हा एमपी3 केली तर गाळणीतून पुन्हा गाळल्यासारखे होते. प्रत्येक वेळी काहीतरी गळतेच.

मंगल कार्यालयातल्या कामाला नवी साधने चांगलीच आहेत, हे मी मोकळेपणाने म्हणतो. आजचे ध्वनिवर्धक वजनाला हलके असतात आणि विजेचा फार थोडा भाग उष्णतेत घालवतात. जुना व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक हिवाळ्यात शेकोटीसारखा तापायचा. मात्र जुन्या पत्र्याच्या कर्ण्याला नावे ठेवू नयेत. त्यातून ढोलाचा घुमार निघत नाही हे खरे, पण माणसाच्या बोलण्याला लागणारे सूर थोड्या विजेवर लांबवर फेकण्यात तो अजून तरबेज आहे. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा कर्णा शिवारापलीकडे ऐकू जाई. सभेची दवंडी द्यायची तर मी आजही त्यालाच बोलावीन.

साठवणीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. जुनी वस्तू हळूहळू बिघडते आणि बिघडताना सांगते. तबकडी खरखरते, कॅसेटचा आवाज बसतो, फीत यंत्रात अडकते. पेन्सिल घालून गुंडाळली की पुन्हा चालते. दहा ठिकाणी खराब झाली तरी अकराव्या ठिकाणी गाणे ऐकू येते. पेनड्राइव्हची तऱ्हा निराळी. त्यात सूक्ष्म कप्प्यांमधून विजेचा भार कोंडलेला असतो आणि शिवाय कोणते गाणे कोणत्या कप्प्यात आहे याची एक अनुक्रमणिका असते. नोंद चालू असताना तो उपटून काढला, तर अनुक्रमणिकाच फाटते. गाणी आत असूनही सापडत नाहीत. नुसता कपाटात पडून राहिला तरी वर्षानुवर्षांनी भार झिरपून जाऊ शकतो. बाजारात तर असेही पेनड्राइव्ह मिळतात की वर लिहिलेले माप आणि आतली जागा यांचा मेळच नसतो. वरून भरत राहावे आणि खालून नाहीसे होत जावे. जुन्या हार्ड डिस्कचे दुखणे आणखी वेगळे. तिच्यात तबकडी फिरत असते आणि वाचणारा काटा तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर तरंगतो. खड्ड्यांतून चाललेल्या टेम्पोत अशी चालू डिस्क ठेवणे म्हणजे पाण्याने भरलेली घागर डोक्यावर घेऊन पळणेच.

मग नव्या रीतीचा मोठेपणा कशात? नकलेत. चित्रावरून चित्र गिरवले की दर वेळी रेघ थोडी चुकते. कॅसेटवरून कॅसेट भरताना तसेच होई, तिसरी-चौथी नक्कल ऐकवत नसे. पण पाढा उतरवून घेताना साताचा सातच राहतो. आकड्यांची शंभरावी नक्कल पहिल्यासारखीच असते. म्हणून एकच पेनड्राइव्ह जपून ठेवणे याला साठवण म्हणता येत नाही. निदान दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतले एक दुसऱ्याच्या घरी, असे असले तर भरवसा धरावा.

आमच्या डीजेवाल्याने नेमके उलटे केले. जागा वाचवावी म्हणून भजने फार आटवून एमपी3 केली, एकाच ठिकाणी ठेवली आणि मूळ वस्तू घालवली. खरे तर नव्वद मिनिटांची कॅसेट न आटवता उतरवली तरी एक जीबीसुद्धा भरत नाही. बत्तीस जीबीत अशा तीसेक कॅसेटी सहज राहतात. वरातीची गाणी हवी तेवढी आटवावीत, ती दुसरीकडे मिळतात. आपल्या गावचा आवाज पूर्ण मापातच ठेवावा.

महाराष्ट्रात असे काम झालेलेही आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या पुष्कळशा बायांच्या आवाजात मुद्रित आहेत आणि ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात आज कोणालाही ऐकता येतात. ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांनी चालू स्थितीतला जुना टेप विकू नये, कारण कॅसेट राहिली आणि यंत्र गेले तर ती मुकीच. यंत्राचे डोके स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, टेपच्या ‘लाइन आउट’मधून तार काढून संगणकाच्या ‘लाइन इन’मध्ये घालावी, आवाजाचा काटा तांबड्या रेषेला टेकू देऊ नये, आणि ‘वेव्ह’ या न आटवलेल्या प्रकारात उतरवावे. शेवटी ते एकदा पुरते ऐकावे. हे मात्र कोणी करीत नाही.

वरातीनंतर चार दिवसांनी त्या पोराने घरचा माळा उपसला. भंगारवाल्याच्या तडाख्यातून सुटलेल्या अकरा कॅसेटी निघाल्या. एकीवर काकांच्या अक्षरात ‘सप्ताह, 1991’ असे लिहिलेले. आम्ही तिची पहिली बाजू उतरवली आहे. टाळ ऐकू येतात, मृदंग ऐकू येतो, आणि मागे कोणीतरी पोरांना गप्प बसा म्हणून दटावते आहे. दुसऱ्या बाजूला फीत एका जागी चुरगळली आहे. ती सरळ करून, नव्या डबीत घालून मगच लावायची, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.