मोझांबिकची सुरुंगमुक्ति

तहनाम्यावर सह्या झाल्या, तोफा थंडावल्या आणि सैनिक घरोघर परतले, कीं युद्ध संपलें असें आपण समजतों. इतिहासाच्या पुस्तकांतहि युद्धाची अखेर अशाच एका तारखेनें दाखविलेली असते. परंतु ज्या भूमीवर तें युद्ध झालें, तिला त्या तारखेची वार्ता पुष्कळदां पोंचतच नाहीं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिक देशाचा अनुभव या दृष्टीनें मननीय आहे.

हा देश आपणांस अगदींच परका नव्हे. पोर्तुगीजांच्या अमदानींत १७५२ पर्यंत त्याचा कारभार गोव्याहून चालत असे, व पुढेंहि कित्येक गोमंतकीय कुटुंबें तेथें जाऊन राहिलीं. १९७५ मध्यें देश स्वतंत्र झाला. पण दोनच वर्षांनीं यादवी पेटली, ती रोम येथें ४ ऑक्टोबर १९९२ रोजीं झालेल्या तहानें थांबली. या अवधींत जमिनीच्या पोटांत काय काय पुरलें गेलें! काहोरा बासाच्या धरणाभोंवतीं पोर्तुगीजांनीं सुरुंगांचा पट्टा घातला होता. पश्चिम सरहद्दीवर ऱ्होडेशियाच्या सैन्यानें सुरुंग पेरले होते. आणि यादवींतील उभय पक्षांनीं पूल, लोहमार्ग, विजेचे मनोरे, एवढेंच नव्हे तर पायवाटाहि सोडल्या नाहींत.

सुरुंगाला शत्रुमित्र ओळखतां येत नाहीं. सैनिकाचा बूट आणि पाण्याचा हंडा घेऊन चाललेल्या बाईचें अनवाणी पाऊल त्याला सारखेंच. तहानंतर सुमारें १७ लाख निर्वासित शेजारच्या देशांतून परतले, तेव्हां त्यांची शेतें जागच्या जागीं होतीं. परंतु त्यांत नांगर घालण्याचा धीर कोणास व्हावा? ज्या कुटुंबाची उपजीविका सर्वस्वी मातीवर, त्यास मातीचेंच भय वाटूं लागावें, याहून मोठी आपत्ति ती कोणती?

सुरुंग पेरण्यास कांहीं मिनिटें पुरतात. काढण्याचें काम मात्र तांदळांतले खडे निवडण्यासारखें. फरक एवढाच, कीं तेथें एक खडा राहिला तर दांताखालीं येतो, येथें राहिला तर जीव जातो. संशयित जागेवर खुंट्या मारून जेमतेम मीटरभर रुंदीची पट्टी आंखतात. त्या पट्टींतील गवत हलक्या हातानें कापावयाचें, धातुशोधक यंत्र जमिनीलगत फिरवावयाचें आणि खूण मिळतांच गुडघे टेंकून बाजूनें माती खरवडीत जावयाचें. बहुधा निघतो तो गंजका खिळा किंवा डब्याचा पत्रा. पण प्रत्येक खिळा हा सुरुंगच आहे असें मानून उकरावा लागतो. सुरुंग सांपडला तर तो जागींच उडवून देतात, आणि पुन्हां पुढची वीत. हें काम मुख्यतः तेथल्याच गांवोगांवच्या लोकांनीं शिकून घेतलें आणि पार पाडलें.

त्यांच्या साहाय्यास एक अनपेक्षित प्राणी आला. ज्या उंदराला आपण धान्याचा वैरी समजतों आणि गणपतीच्या पायाशीं मात्र मानानें बसवितों, त्याच्याच दूरच्या आप्तांपैकीं मांजराएवढा एक आफ्रिकी उंदीर! अपोपो नांवाची बेल्जियन संस्था टांझानियांतील मोरोगोरो येथें या उंदरांना स्फोटक द्रव्याचा वास ओळखण्यास शिकविते. शिक्षणाचें बक्षीस केळें. वजन किलो-दीड किलो, त्यामुळें पायाखालीं सुरुंग असला तरी तो उडत नाहीं. गंजक्या लोखंडाकडे हा ढुंकूनहि पाहत नाहीं. वास आला कीं माती खाजवून खूण करतो. जी जागा तपासण्यास यंत्रधारी माणसास दिवस लागतात, ती तो अर्ध्या तासांत हुंगून काढतो.

अशा रीतीनें बावीस वर्षें खपल्यावर १७ सप्टेंबर २०१५ रोजीं मोझांबिक सुरुंगमुक्त झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. हॅलो ट्रस्ट या एकाच संस्थेनें १,७१,००० हून अधिक सुरुंग नष्ट केले होते. पुढें अर्थशास्त्रज्ञांनीं या देशाचा अभ्यास केला, तेव्हां असें दिसून आलें, कीं रस्ते, लोहमार्ग व बाजाराचीं ठिकाणें मोकळीं झालीं, तेव्हां त्याचा लाभ दूरदूरच्या गांवांनाहि मिळाला.

तथापि समाधान मानून स्वस्थ बसावें असा हा काळ नाहीं. २०१७ पासून त्याच देशाच्या उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतांत पुन्हां रक्तपात सुरू झाला, आणि वाटांवर पुन्हां स्फोटकें आढळूं लागलीं. मनुष्यघातक सुरुंगांवर बंदी घालणारा करार १९९७ मध्यें ओटावा येथें झाला व १६० हून अधिक राष्ट्रांनीं तो मान्य केला. परंतु २०२५ मध्यें फिनलंड, पोलंड व बाल्टिक राष्ट्रांनीं त्यांतून बाहेर पडण्याचें ठरविलें. आपल्या भारतानेंहि त्यावर सही केलेली नाहीं. २००१-०२ मध्यें आपल्या पश्चिम सरहद्दीवर सुरुंग पेरले गेले, तेव्हां पंजाब-राजस्थानांतील शेतकऱ्यांना स्वतःच्याच शेतांत पाऊल टाकण्याची बंदी झाली होती, हें फारच थोड्यांच्या स्मरणांत असेल.

राष्ट्राच्या संरक्षणास काय आवश्यक आहे, याचा निर्णय जाणत्यांनीं अवश्य करावा. मात्र तो करितांना हिशेबाच्या वहींत एक रकम मांडावयास विसरूं नये: आज मिनिटांत पेरलेलें मरण वेंचून काढण्यासाठीं उद्यां कोणाला तरी वर्षानुवर्षें गुडघे टेंकून बसावें लागणार आहे, आणि तोंवर त्या शेताचा धनी बांधावर उभा राहून आपल्याच जमिनीकडे नुसता पाहत राहणार आहे.