आधी महिना ठरवा, मग बोट

मुंबईत बॅलार्ड पियरच्या नव्या क्रूझ टर्मिनलचं सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि तेव्हापासून घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न फिरतो आहे: यंदा गोव्याला गाडीने जाण्यापेक्षा क्रूझ करायची का? वर्षाला दहा लाख प्रवासी, एका वेळी पाच जहाजं, हे आकडे सगळ्यांनी वाचले आहेत. या प्रश्नाचं माझं उत्तर 'हो, जरूर करा' असंच आहे. पण आपण ठरवायला बसतो ते उलट्या क्रमाने. आधी बोटीचे फोटो, मग बाल्कनी, मग भाडं आणि सर्वांत शेवटी तारीख, तीही मुलांच्या शाळेच्या सुट्टीला जुळवून. पहिल्या क्रूझचा बेत फसतो तो बहुधा इथेच.

महाराष्ट्रातल्या शाळांच्या मोठ्या सुट्ट्या दोन, दिवाळीची आणि मे महिन्याची. अरबी समुद्रात चक्रीवादळं येण्याचे हंगामही दोनच आहेत. एक पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये. दुसरा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. आठवून पाहा. 'फयान' नोव्हेंबर २००९ मध्ये कोकणावर आलं. २०१९ च्या ऐन दिवाळीत 'क्यार' भर समुद्रात घोंगावत होतं आणि इकडे कोकण किनाऱ्याला उधाण आलं होतं. 'निसर्ग' ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. 'तौक्ते' मे २०२१ मधलं. बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला तो त्याच वादळात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२१ मधला अभ्यास या बाबतीत वाचण्यासारखा आहे. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनी दाखवलं. अतितीव्र वादळांची वाढ तर त्याहूनही मोठी, १५० टक्के. समुद्राचं पाणी तापतं आहे आणि वादळांना बळ मिळतं ते त्या उष्णतेतूनच. बंगालचा उपसागर वादळी आणि आपला अरबी समुद्र शांत, हा शाळेत शिकलेला धडा आता पुरेसा नाही.

याचा अर्थ दिवाळीत बोटीवर पाऊल ठेवू नये असा मुळीच नाही. वादळाची चाहूल आता काही दिवस आधी लागते, बोटी त्याच्या वाटेवरून बाजूला होतात आणि बहुतेक सुट्ट्या सुखरूप पार पडतात. मात्र बाजूला होणं म्हणजे तुमचा गोवा किंवा लक्षद्वीप रद्द होणं. तिकिटासोबतच्या अटींमध्ये कप्तानाला मार्ग बदलण्याचा आणि एखादं बंदर गाळण्याचा पूर्ण अधिकार दिलेला असतो, आणि गाळलेल्या बंदरासाठी भाडं सहसा परत मिळत नाही. मुलांना महिनाभर प्रवाळ बेटांची चित्रं दाखवून झाल्यावर ही अट वाचायला मिळू नये, एवढंच माझं सांगणं.

मग कधी जावं? डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत. या दिवसांत वारा पडलेला असतो आणि कोकणासमोरचा समुद्र बहुतेक वेळा तळ्यासारखा असतो. मराठी माध्यमाच्या शाळांना नाताळची सुट्टी फारशी नसते हे खरं, पण मुंबईहून सुटणारी सर्वांत छोटी सफर दोनच रात्रींची असते. शनिवार-रविवारला एखादी रजा जोडली की काम भागतं. फक्त ३१ डिसेंबर टाळा. त्या आठवड्यात भाडं चढतं आणि बोटीवरचा गोंगाट लहान मुलांना व आजी-आजोबांना सोसणारा नसतो.

मुंबईहून नियमित फिरणारी बोट आज कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची 'एम्प्रेस' ही आहे. १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेली ही बोट आधी रॉयल कॅरिबियनकडे होती. गोवा, लक्षद्वीप, कोची आणि नुसती समुद्रात फेरी मारून परत, असे तिचे मार्ग. पावसाळ्यात मुंबईचा समुद्र खवळतो तेव्हा गेली काही वर्षं ती चेन्नईकडे जाते आणि तिथून श्रीलंकेच्या फेऱ्या करते. पस्तिशी ओलांडलेली बोट म्हणून कोणी नाक मुरडू नये, जहाजांची ठरावीक काळाने सुक्या गोदीत तपासणी होतच असते. लक्षात घ्यायचा तो आकार. 'एम्प्रेस' सुमारे ४८ हजार टनांची आहे, सिंगापूरहून फिरणारी 'जेंटिंग ड्रीम' दीड लाखाची, तर तिथलीच 'डिस्ने ॲडव्हेंचर' दोन लाखांच्या पुढची. (हे टन म्हणजे बोटीचं वजन नव्हे, आतल्या जागेचं माप.) लहान बोट जास्त डोलते. म्हणूनच तिच्यावर महिना आणि केबिन यांना दुप्पट महत्त्व.

केबिनच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे. पहिल्या खेपेला बाल्कनीवर पैसे घालू नका, जागेवर घाला. बोटीचा डोल दोन प्रकारचा, एक या कुशीवरून त्या कुशीवर आणि दुसरा नाक वर-खाली होण्याचा. पहिला आवरायला बोटीच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंख असतात, दुसऱ्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. बागेतल्या सी-सॉवर टोकाची मुलं उसळतात आणि मधला दांडा जवळपास जागीच राहतो, अगदी तसंच इथे होतं. नाळेकडच्या आणि वरच्या डेकवरच्या केबिन सर्वांत जास्त हलतात, मध्यभागातल्या खालच्या डेकवरच्या सर्वांत कमी. त्यामुळे ज्यांना घाटात गाडी लागते त्यांच्यासाठी खालच्या डेकवरची, मधली, साधी खिडकीची केबिन ही वरच्या महागड्या केबिनपेक्षा कितीतरी चांगली. 'केबिन कंपनी ठरवेल' या सवलतीच्या तिकिटाला म्हणूनच नाही म्हणा. आणि बुकिंग करताना डेकचा नकाशा मागवून आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते पाहा. डोक्यावर डिस्को असेल तर तान्ह्या मुलाची झोप गेलीच समजा.

बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, त्या बोट सुटण्याआधीच घ्याव्या लागतात. त्यांनी गुंगी येते. लहान मुलांसाठी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांसाठीही आधी विचारणं गरजेचं आहे.

आता पैशांचं. जाहिरातीतला आकडा माणशी असतो आणि एका केबिनमध्ये दोघं धरून काढलेला असतो. त्यावर बंदराचे आकार, कर आणि कर्मचाऱ्यांची बक्षिसी चढते. जेवण भाड्यात येतं, पण सगळ्या उपाहारगृहांतलं नव्हे. शीतपेयं, वायफाय, बंदरावर उतरून करायच्या सहली, डॉक्टरची फी, सगळं वेगळं. त्यामुळे एजंटला 'भाडं किती' असं न विचारता 'आम्ही इतकी माणसं, घरी परत येईपर्यंत एकूण किती' असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आईबाबा, दोन मुलं आणि आजी अशी पाच माणसं बहुतेक एका केबिनमध्ये मावत नाहीत. चौघांच्या केबिनमध्येही वरचे दोन पलंग रेल्वेच्या बर्थसारखे भिंतीतून उघडायचे असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाची सोय खालच्या पलंगावरच हवी, हे बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवावं. फोनचंही लक्षात ठेवा. किनारा दूर गेला की तो बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि बिल भयंकर येतं. 'फ्लाइट मोड' हा त्यावरचा साधा उपाय.

मार्ग निवडताना गोव्याच्या मोहात पडू नये, असं मला वाटतं. बोट लागते मुरगावला. तिथून उत्तरेचे किनारे दूर, आणि संध्याकाळी परतायची घाई. दर दोन वर्षांनी कोकण रेल्वेने गोवा गाठणाऱ्या कुटुंबाला त्या काही तासांत नवं काय मिळणार? लक्षद्वीप खरोखर सुंदर आहे, पण तिथे मोठं जहाज दूर नांगरतं आणि लहान होडीतून बेटावर जावं लागतं. हलत्या जहाजावरून हलत्या होडीत पाय टाकणं साठी ओलांडलेल्यांना जड जातं, आणि लाटा असतील तर होड्या सुटतच नाहीत. शिवाय तिथे प्रवेशाचा परवाना लागतो, तो कोण काढणार हे आधीच ठरवून घ्या.

बाळं आणि गर्भवतींसाठी नियम कडक आहेत. बऱ्याच आंतरराष्ट्रीय कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत, लांबच्या सफरींसाठी एक वर्षाची अट असते, आणि गर्भारपणाचे चोवीस आठवडे ही बहुतेकांची मर्यादा आहे. परदेशी बंदरं असतील तर प्रत्येक देशाचा व्हिसा स्वतः तपासा. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतायचं असेल तर त्या देशात दोनदा प्रवेश होतो, हे विसरलेल्या माणसाची सुट्टी धक्क्यावरच संपते.

एका गोष्टीत मात्र कोणतीही सूट नको. बोटीवर चढल्यावर होणारी सुरक्षेची कवायत घरातल्या प्रत्येकाने पूर्ण करावी, मुलांनीही. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिलिओ बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला, आणि आता बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत सक्तीची आहे. लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का, हे केबिनमध्ये शिरल्या शिरल्या विचारावं. हात साबणाने धुवायची सवयही तिथे कसोशीने पाळावी. बोटींवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या जुलाब-उलट्यांना सॅनिटायझर पुरेसा पडत नाही.

तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला माझा सल्ला सरळ आहे. जानेवारी किंवा फेब्रुवारी, मुंबईहून दोन रात्री, मध्यभागातली खालची केबिन. आजीला समुद्र मानवतो का, धाकट्याला झोप लागते का, आपल्याला बंद जागेत दोन दिवस करमतं का, हे त्या दोन रात्रींत कळेल. सिंगापूरचं बुकिंग त्यानंतरच करा.