गप्प बसणं म्हणजे शहाणपण नव्हे

आज बचत गटाची वही मिटून ठेवू आणि घरातल्या तरण्या पोरापोरींविषयी बोलू.

२५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागला. आपलं निदान शेतात जाणं होत होतं. पण पोरांची शाळा, मैदान, एसटीतल्या गप्पा, सगळंच थांबलं. शाळा मध्ये काही दिवस उघडल्या, पुन्हा बंद पडल्या. खेड्यांतले पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला परत भरले. तोवर दीड वर्ष गेलं होतं.

या वयात आईला न सांगता येणारी गोष्ट मैत्रिणीला सांगितली जाते. ती वाटच बंद झाली. घरात मोबाइल एक, तोही बहुतेक वेळा वडिलांकडे किंवा भावाकडे. झोपेची वेळ बिघडली, काळजी मनातच साचली. युनिसेफच्या २०२१ च्या अहवालात भारतातल्या १५ ते २४ वयाच्या सातांपैकी एकाने सांगितलं, की वारंवार उदास वाटतं किंवा कशात मन लागत नाही.

आमच्याच एका गटातल्या ताई तेव्हा म्हणाल्या होत्या, "पोरगी लई शहाणी झाली, दिवसभर घरात गप्प बसते." आम्हीही मान डोलावली. शाळा उघडली तशी तिच्या पोटात दुखू लागलं, हातपाय गार पडू लागले. तपासण्या नीट आल्या. घरचे म्हणाले, शिकायचंच नसेल तर लग्न उरकून टाकू. स्थळंही येऊ लागली. तेव्हा आम्ही बायका घरी जाऊन बसलो, लग्न थांबवा म्हणालो आणि तिला समुपदेशक बाईंकडे नेलं. दुखणं भीतीचं होतं. शेजारच्या मैत्रिणीसोबत आधी अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस, अशी ती काही महिन्यांत वर्गात रुळली.

शाळा उघडल्या म्हणून सगळ्यांचीच मनं उघडली असं नाही. तेव्हा नववी-दहावीत असलेली पोरं आता मोठी झाली, तरी काहींचं एकटेपण गेलेलं नाही. झोप, भूक बदलली, चिडचिड वाढली, आवडीचं काम सुटलं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर त्याला आळस म्हणू नका. शेजारच्या पोराशी तुलना करू नका. भाकरी थापताना जवळ बसवा, विचारा आणि मधे न बोलता ऐका. "जगावंसं वाटत नाही का?" असं सरळ विचारल्याने तसा विचार मनात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

१४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

आपल्याला मन मोकळं करायला गटाची बैठक आहे. पोरांना तशी जागा कुठे आहे? येत्या बैठकीत बचत गोळा झाली की एवढं विचारूया, कुणाचं पोर गप्प झालंय?