विकिपीडिया (अभ्याससाधन)
वाचकांनीच लिहिलेला व सतत संपादित होत असलेला आंतरजालावरील मुक्त ज्ञानकोश. जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनी तो १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू केला. मराठी आवृत्ती २००३ मध्ये निघाली. लेखक बहुधा टोपणनावाने लिहीत असल्याने लेखकाच्या अधिकारावरून मजकुराची विश्वसनीयता ठरविता येत नाही. विद्यार्थी नोंद उतरवून घेतात आणि तळटीपा सोडतात. वस्तुतः अभ्यासाचा आरंभ तळटीपांपासून व्हावयास हवा. तेथे निर्देशिलेला ग्रंथ काढून नोंदीतील विधान त्यात खरोखर आहे काय, हे ताडून पाहता येते. ‘इतिहास’ या पानावर प्रत्येक फेरफाराची तारीख व आधीचा पाठ सहसा टिकून राहतो (छापील कोशात ही सोय नाही). ‘चर्चा’ पानावर संपादकांतील मतभेद आढळतात. पुष्कळ मराठी नोंदींना तळटीपाच नसतात. अशा वेळी त्याच विषयाच्या इंग्रजी नोंदीतील संदर्भ पाहावे लागतात.