गुंतवणूकदारांसमोरील सादरीकरणाचा सराव आणि चॅटबॉट : सोलापूरच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : व्यवसायकल्पना गुंतवणूकदारांसमोर मांडण्याचा सराव करण्यासाठी महाविद्यालयीन विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित चॅटबॉटचा उपयोग करू लागले आहेत. हा सराव कसा घडतो, सोलापूरसारख्या शहरात तो कोणत्या स्वरूपात उपयुक्त ठरतो आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : उद्योजकता, सादरीकरण, चॅटबॉट, कर्जप्रस्ताव, सोलापूर

१. प्रस्तावना

भांडवल बाळगणाऱ्या व्यक्तीस आपली कल्पना पटवून देणे ही उद्योजकाची जुनीच कसोटी आहे. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या उभारणीत पुढाकार घेतला. पुढे १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन करताना त्यांनी म्हैसूर संस्थानास भागीदार करून घेतले. विमानांचा कारखाना प्रत्यक्ष उभा राहण्यापूर्वी त्यामागील हेतू व हिशेब दुसऱ्यास पटवून द्यावा लागला, हे येथे महत्त्वाचे आहे.

आज ही कसोटी पदवीच्या वर्गापर्यंत येऊन पोहोचली आहे. केंद्र शासनाने जानेवारी २०१६ मध्ये ‘स्टार्टअप इंडिया’ उपक्रम सुरू केला. डिसेंबर २०२१ पासून प्रक्षेपित झालेल्या ‘शार्क टँक इंडिया’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने गुंतवणूकदारांसमोरील सादरीकरण घरोघरी परिचित केले. २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्टार्टअप यात्रेच्या निमित्ताने जिल्ह्याजिल्ह्यांत तरुणांकडून अशी सादरीकरणे मागविण्यात आली. तथापि, संधी वाढल्या त्या प्रमाणात सरावाची सोय वाढली नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी बहुधा परीक्षकांसमोरच प्रथम तोंड उघडतो आणि पहिल्याच अनपेक्षित प्रश्नाला अडखळतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यानंतर ही उणीव भरून काढण्याचे एक साधन उपलब्ध झाले. मात्र साधन हाती येणे आणि त्याचा योग्य उपयोग होणे या भिन्न गोष्टी होत. चॅटबॉटला विद्यार्थ्याची स्तुती करण्यास नव्हे, तर त्याचा हिशेब तपासण्यास लावले आणि तो तपासणारा अधिकारी किंवा व्यापारी सोलापूरच्या परिस्थितीतील असला, तरच हा सराव उपयुक्त ठरतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. चॅटबॉट गुंतवणूकदाराची भूमिका कशी वठवितो?

चॅटबॉटच्या मुळाशी भाषेचे एक विशाल प्रतिमान असते. प्रचंड प्रमाणातील मजकुरावरून शब्दांमागून कोणते शब्द येण्याचा संभव आहे, हे ते शिकलेले असते. त्यास ‘तुम्ही गुंतवणूकदार आहात’ असे सांगितले असता गुंतवणूकदारांविषयीच्या मजकुरात जसे प्रश्न आढळतात, तसे प्रश्न ते विचारू लागते. त्याच्याजवळ स्वतःचे भांडवल नसते आणि ते बुडण्याची भीतीही नसते. खऱ्या गुंतवणूकदाराचा प्रश्न या भीतीतूनच जन्मतो. चॅटबॉटचा प्रश्न हे त्या प्रश्नाचे केवळ अनुकरण होय.

अनुकरणास मनुष्य किती सहज भुलतो, याचा अनुभव जुना आहे. जोसेफ वायझेनबाउम यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे तयार केलेला ‘एलायझा’ हा संवादी संगणक-कार्यक्रम १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे नियम अत्यंत साधे होते. तरीही बोलणाऱ्यांना आपले म्हणणे कोणी समजून घेत आहे, असे वाटू लागले. आजचे चॅटबॉट त्याहून कितीतरी प्रगत आहेत. त्यांच्या घडणीत वापरणाऱ्यांच्या पसंतीचाही विचार होत असल्याने त्यांचा कल पुष्कळदा होकाराकडे झुकतो. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीला आपल्या चॅटबॉटची एक सुधारित आवृत्ती अतिरेकी खुशामत करते म्हणून मागे घ्यावी लागली. विद्यार्थ्याने केवळ ‘माझी कल्पना कशी वाटते?’ असे विचारल्यास ‘उत्कृष्ट’ हे उत्तर मिळण्याचा संभव म्हणूनच अधिक असतो. परीक्षेतील चुकीच्या शाबासकीने गुणांचे नुकसान होते. व्यवसायातील चुकीची शाबासकी मात्र कर्जाच्या हप्त्यांतून फेडावी लागते.

३. सोलापूरचा गुंतवणूकदार कोण?

विशेष सूचना दिली नाही तर चॅटबॉट बहुधा परदेशी साहसी भांडवलदाराप्रमाणे बोलतो. बाजारपेठ किती अब्जांची, व्यवसाय किती वेगाने वाढेल आणि किती टक्के हिस्सा देणार, हे त्याचे ठरावीक प्रश्न होत. सोलापूरची आर्थिक घडण मात्र वेगळी आहे. भौगोलिक मानांकन लाभलेल्या सोलापुरी चादरी व टेरी टॉवेल, यंत्रमाग, शालेय गणवेशांची शिलाई, डाळिंब, मंगळवेढ्याची ज्वारी, शेंगा चटणी आणि कडक भाकरी ही येथील उद्योगांची ओळख आहे. असा उद्योग सुरू करणाऱ्या तरुणास साधारणतः तीन प्रकारच्या व्यक्तींचे समाधान करावे लागते.

पहिली व्यक्ती म्हणजे बँकेचा कर्ज अधिकारी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान मुद्रा योजनेची कमाल कर्जमर्यादा १० लाख रुपये होती. पूर्वीचे ‘तरुण’ गटातील कर्ज व्यवस्थित फेडणाऱ्यांसाठी ती २०२४ मध्ये २० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. राज्य शासनाने २०१९ मध्ये सुरू केलेला मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही बँककर्जाशी जोडलेला आहे. बँक अधिकाऱ्यास कल्पनेच्या भव्यतेपेक्षा परतफेडीची खात्री हवी असते. हप्ता कोठून भरणार, स्वतःची रक्कम किती आणि मंदीच्या महिन्यात काय करणार, असे तो विचारतो.

दुसरी व्यक्ती म्हणजे घाऊक व्यापारी किंवा दुकानदार. तो पैसे गुंतवीत नाही. परंतु माल ठेवण्यासाठी जागा देतो आणि उधारी मागतो. तिसरी व्यक्ती म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी. दागिने गहाण ठेवण्याचा किंवा साठविलेली पुंजी काढण्याचा निर्णय त्यांचा असतो आणि ‘हे चालले नाही तर?’ हा त्यांचा एकच प्रश्न सर्वांत अवघड असतो. सरावात या तिन्ही भूमिका चॅटबॉटकडून स्वतंत्रपणे वठवून घेणे आवश्यक आहे.

४. एक उदाहरण

विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक प्रस्ताव पाहू. एका विद्यार्थिनीला बचत गटाकडून कडक भाकरी तयार करून घेऊन पुण्यातील दुकानांत विकावयाची आहे. तिच्या हिशेबानुसार दहा भाकरींच्या पाकिटाचा खर्च ३८ रुपये असून दुकानदारास ते ५० रुपयांस द्यावयाचे आहे. प्रत्येक पाकिटामागे १२ रुपये उरतात. जागाभाडे, पगार व वाहतूक मिळून दरमहा २४,००० रुपये स्थिर खर्च आहे. म्हणजे महिन्याला २,००० पाकिटे विकली असता ना नफा ना तोटा अशी स्थिती येते. कागदावर हा हिशेब निर्दोष दिसतो.

दुकानदाराची भूमिका दिलेल्या चॅटबॉटने ‘प्रवासात भाकरी मोडली किंवा पावसाळ्यात सादळली, तर पाकीट परत घेणार का?’ असे विचारले, की हिशेबाची दिशा बदलते. शेकडा १० पाकिटे परत आली असे धरल्यास २,००० पैकी १,८०० पाकिटांचेच पैसे मिळतील. प्राप्ती ९०,००० रुपये होईल. उत्पादनखर्च ७६,००० व स्थिर खर्च २४,००० मिळून एकूण खर्च १,००,००० रुपये असल्याने दरमहा १०,००० रुपये तोटा येईल. तोटा टाळण्यासाठी आता २,००० नव्हे, तर सुमारे ३,४३० पाकिटे पाठवावी लागतील. दुकानदार ४५ दिवसांनी पैसे देणार असेल, तर महिना १ लाख रुपयांच्या विक्रीमागे सुमारे दीड लाख रुपये सतत बाजारात अडकून राहतील, हा त्यापुढील प्रश्न होय.

येथे चॅटबॉटने कोणतेही नवे ज्ञान दिलेले नाही. अनुभवी दुकानदार हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारेल. फरक इतकाच की तो कर्ज मंजूर होण्यापूर्वी आणि यंत्रखरेदी होण्यापूर्वी विचारला गेला. सरावाचे खरे मूल्य यातच आहे. परत येणाऱ्या मालाचे प्रमाण शेकडा १० असेल की ४, हे मात्र चॅटबॉट सांगू शकत नाही. त्यासाठी विद्यार्थिनीस पाकिटे घेऊन दुकानांत जावे लागेल.

५. सरावाची पद्धती

वर्गात हा उपक्रम राबविताना पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

(अ) लेखी हिशेब : संवादापूर्वी विद्यार्थ्याने एका पानात उत्पादन, ग्राहक, खर्च, किंमत व अपेक्षित विक्री लिहून काढावी. प्रत्येक आकड्यापुढे तो प्रत्यक्ष चौकशीतून मिळाला की अंदाजाने धरला, याची नोंद करावी.

(आ) भूमिकेची सूचना : सूचना नेमकी असावी. उदाहरणार्थ, ‘तुम्ही सोलापुरातील एका बँकेत कर्जप्रस्ताव तपासणारे अधिकारी आहात. एका वेळी एकच प्रश्न विचारा. स्तुती करू नका. उत्तरात आकडा नसेल तर तोच प्रश्न पुन्हा विचारा. माझ्या वतीने उत्तर देऊ नका. दहा प्रश्नांनंतर प्रस्ताव नाकारण्याची तीन सबळ कारणे सांगा.’

(इ) तोंडी उत्तरे : उत्तर टंकलिखित करण्यापूर्वी ते मोठ्याने उच्चारावे, एक सहाध्यायी वेळ मोजेल. अन्यथा सराव लेखनाचा होतो, बोलण्याचा नव्हे.

(ई) भाषा : पहिली फेरी मराठीत व्हावी, ज्यांची घरची भाषा तेलुगू, कन्नड किंवा उर्दू आहे त्यांनी ती त्या भाषेत करण्यासही हरकत नाही. कल्पना स्वभाषेत स्पष्ट झाल्यानंतर परीक्षकांच्या भाषेकडे वळावे. चॅटबॉट ‘उलाढाल’ म्हणेल, बँकेत ‘टर्नओव्हर’ हा शब्द ऐकू येईल. दोन्ही शब्द परिचयाचे असावेत.

(उ) पडताळणी : ज्या प्रश्नांना उत्तर देता आले नाही, त्यांची यादी घेऊन विद्यार्थ्याने नवी पेठेतील दुकाने, बाजार समिती अथवा जिल्हा उद्योग केंद्र गाठावे. सिद्धेश्वर यात्रेच्या काळात भरणारा गड्डा हेही लहान प्रमाणावर विक्री करून पाहण्याचे योग्य स्थळ आहे.

(ऊ) मानवी परीक्षण : शेवटची फेरी निवृत्त बँक अधिकारी, व्यापारी व प्राध्यापक यांच्यासमोरच व्हावी.

प्राध्यापकाने मूल्यमापन करताना चॅटबॉटच्या शेऱ्यास गुण देऊ नयेत. पहिल्या व शेवटच्या फेरीतील हिशेबात काय बदलले आणि तो बदल कोणत्या चौकशीमुळे झाला, यास गुण द्यावेत. असे केल्यास संपूर्ण प्रस्ताव चॅटबॉटकडून लिहून घेण्याचा मोहही कमी होईल.

६. मर्यादा व दक्षता

चॅटबॉट माहिती नसतानाही आत्मविश्वासाने उत्तर देतो. स्थानिक भाव, योजनांच्या अटी किंवा परवान्यांविषयी त्याने सांगितलेली बाब संबंधित कार्यालयाकडून तपासल्याशिवाय प्रस्तावात घेऊ नये. कुटुंबाचे उत्पन्न, खाते क्रमांक, आधार क्रमांक आणि उत्पादनाची गुप्त कृती यांचा संवादात उल्लेख टाळावा. कारण दिलेला मजकूर सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे जातो.

दुसरी मर्यादा मानवी आहे. खऱ्या गुंतवणूकदाराचा कंटाळा, मध्येच वाजणारा त्याचा दूरध्वनी, कपाळावरील आठी यांना सामोरे जाण्याचा अनुभव पडद्यावर मिळत नाही. बँक किंवा व्यापारी अनेकदा कल्पनेपेक्षा माणसाची पत पाहतो. ही पत वक्तशीरपणा व पूर्वीच्या व्यवहारांतून निर्माण होते. याउलट, कठोर भूमिका दिलेला चॅटबॉट कोणत्याही प्रस्तावात उणिवा काढू शकतो. त्याचा नकार हाही अंतिम निर्णय मानून विद्यार्थ्याने चांगली कल्पना सोडून देणे योग्य नव्हे.

७. निष्कर्ष

चॅटबॉटबरोबरील सरावामुळे संकोच कमी होतो, एकच प्रश्न कितीही वेळा विचारून घेता येतो आणि हिशेबातील त्रुटी लवकर उघड होतात. मोठ्या शहरातील मार्गदर्शकांपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या विद्यार्थ्यास ही सोय मोलाची आहे. तथापि, प्रश्न सोलापूरच्या बँकेचे व बाजाराचे असावेत, उत्तरांतील आकडे विद्यार्थ्याने स्वतः मिळविलेले असावेत आणि शेवटचा निर्णय ज्यांचे पैसे खर्च होणार आहेत त्यांच्यासमोर व्हावा. ही पथ्ये पाळली जात आहेत किंवा नाहीत, हे पाहण्याची जबाबदारी प्राध्यापकाची आहे. विद्यार्थ्यास पुढे जे कर्ज फेडावे लागणार आहे, ते खरे असणार आहे; म्हणून त्यापूर्वीचा सरावही तितक्याच गांभीर्याने घडविला गेला पाहिजे.