अंगावर काढलेली दुखणी: परिचर्या, स्त्री-आरोग्य आणि स्त्रीवादी संशोधन

प्रस्तावना

‘दुखणे अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार मराठीत सर्वांच्या परिचयाचा आहे. आजार असूनही उपचार न घेता काम चालू ठेवणे, असा त्याचा अर्थ. घरातल्या बाईबद्दल तो वापरला जातो तेव्हा त्यात बऱ्याचदा कौतुकही असते. पण अंगावर काढलेल्या दुखण्याची कुठेही नोंद होत नाही. नोंद नसली की त्यासाठी औषध, निधी आणि डॉक्टर यांची तरतूदही होत नाही.

स्त्री-आरोग्यावरील स्त्रीवादी संशोधनाची सुरुवात या न झालेल्या नोंदीपासून होते. ही दुखणी कोणी विचारली नाहीत? ज्यांना ती दिसत होती, त्या दाया व परिचारिका यांचे म्हणणे ज्ञान म्हणून का धरले गेले नाही? या टिपणात आपण हे दोन प्रश्न महाराष्ट्रातील उदाहरणांच्या आधारे पाहू.

गडचिरोलीचा अभ्यास

१९८० च्या दशकापर्यंत ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याचा सरकारी विचार मुख्यतः दोन विषयांभोवती फिरत असे: बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. म्हणजे स्त्री गरोदर असताना किंवा तिने पुन्हा गरोदर राहू नये म्हणून आरोग्ययंत्रणा तिच्याकडे येई. एरवीच्या तिच्या शरीराबद्दल फारशी माहिती नव्हती.

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत याचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दवाखान्यात आलेल्या रुग्णांची मोजणी करण्याऐवजी त्यांनी गावातील स्त्रियांची तपासणी केली. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दवाखान्यातील नोंदवहीत फक्त तिथवर पोहोचलेल्या बाईचे नाव असते.

एकूण ६५० स्त्रिया तपासल्या गेल्या. त्यांपैकी ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगविषयक तक्रार सांगितली. प्रत्यक्ष तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले. सरासरी काढली तर दर स्त्रीमागे ३.६ आजार होते आणि त्यांपैकी सुमारे निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे होते. पूर्वी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या.

हे आकडे एकत्र वाचा. तक्रार सांगणाऱ्या सर्व ५५ टक्के स्त्रिया आजारी होत्या असे धरले, तरी ९२ मधून ५५ वजा जाता किमान ३७ टक्के स्त्रिया आजारी असूनही त्यांची काहीच तक्रार नव्हती. काही आजारांना सुरुवातीला लक्षणे नसतात, हे एक कारण. दुसरे कारण असे की ‘अंगावरून पांढरे जाणे’ हे बाईच्या जन्माला लागलेलेच आहे असे मानले, तर त्याची तक्रार करण्याचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न कोण विचारतो?

स्त्रीवादी ज्ञानमीमांसेत ‘दृष्टिबिंदू’ ही संकल्पना आहे. सँड्रा हार्डिंग, डोरोथी स्मिथ आदी अभ्यासकांनी ती मांडली. आपण समाजात कुठे उभे आहोत, यावर आपल्याला काय दिसते हे अवलंबून असते. आणि उतरंडीच्या खालच्या पायरीवरून अशा काही गोष्टी दिसतात ज्या वरून दिसत नाहीत, हे तिचे सार. पुण्यातील समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये या चर्चेत दलित स्त्रीवादी दृष्टिबिंदूची मांडणी केली. ‘स्त्री’ म्हणून सर्वांचा अनुभव एकच धरला, तर जातीने घडवलेला अनुभव पुसला जातो, हा त्यांचा मुद्दा होता.

आरोग्याला हा मुद्दा थेट लागू पडतो. बाळंतपणातील रक्त, वार, मळ यांना हात लावण्याचे काम अनेक भागांत ‘खालच्या’ मानलेल्या जातींतील दायांकडे होते. त्यांच्या हातात अनुभव होता, पण स्पर्श अपवित्र मानल्यामुळे त्या अनुभवाला प्रतिष्ठा नव्हती. ज्याला ‘अडाणी दाईचे काम’ म्हटले गेले, त्यातले किती अडाणीपणाचे आणि किती जातीमुळे कमी लेखलेले, हे तपासणे संशोधकाचे काम आहे. दाईची प्रत्येक पद्धत बरोबर होती असा याचा अर्थ नाही.

परिचारिका: सेवा की श्रम?

परिचर्येच्या व्यवसायालाही याच कल्पनांचा वारसा मिळाला. परक्या पुरुषाच्या शरीराला स्पर्श, रात्रपाळी आणि मलमूत्राची स्वच्छता यांमुळे उच्चवर्णीय कुटुंबे मुलींना या कामापासून दूर ठेवत. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सुरू केलेल्या सेवासदनाने हे चित्र बदलण्याचा प्रयत्न केला आणि विधवांसह अनेक स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले. यासाठी ‘सेवा’ हा शब्द उपयोगी ठरला, कारण त्यामुळे कामाला नैतिक प्रतिष्ठा मिळाली. पण सेवेचा मोबदला मागायचा नसतो, अशीही समजूत त्यासोबत आली. पगार, कामाचे तास, निर्णयाचा अधिकार यांविषयी बोलणारी परिचारिका मग ‘सेवाभाव नसलेली’ ठरू लागली.

या कमी लेखण्याचा परिणाम संख्येतही दिसतो. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार ब्रिटिश भारतात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, तर परिचारिका सुमारे ४३,००० लोकांमागे एक.

स्वातंत्र्यानंतर खेड्यात पोहोचली ती प्रामुख्याने सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजे एएनएम. गावकऱ्यांच्या भाषेत ‘नर्सबाई’ किंवा ‘सिस्टर’. तिच्या पदाच्या नावात प्रसूती आहे, पण अनेक वर्षे तिच्या कामाचे मोजमाप कुटुंबनियोजनाच्या ‘केसेस’वर होत राहिले. नर्सबाई दारात आल्या म्हणजे ऑपरेशनचे विचारायला आल्या, असे वाटणारी बाई त्यांना पांढरे जाण्याबद्दल सहसा सांगणार नाही. आणि सांगितले तरी त्यासाठी नर्सबाईंकडे ना वेळ होता, ना औषध, ना रकाना. बाईचे मौन आणि नर्सबाईची हतबलता ही एकाच व्यवस्थेची दोन टोके होती.

१९९४ च्या कैरो लोकसंख्या परिषदेत प्रजनन आरोग्याचा व्यापक विचार मान्य झाला. गडचिरोलीसारख्या अभ्यासांनी आणि स्त्री-चळवळींनी त्याची पार्श्वभूमी तयार केली होती. भारतात १९९६ मध्ये गर्भनिरोधनाची केंद्राने ठरवलेली उद्दिष्टे मागे घेतली गेली आणि १९९७ मध्ये प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. तरी ‘सेवा’ हा प्रश्न संपला नाही. २००५ पासून आलेल्या ‘आशा’ कार्यकर्तीला आजही वेतनाऐवजी मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो.

केईएम रुग्णालय: परिचर्या हे ज्ञान आहे का?

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने लैंगिक हल्ला केला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुन्हा कधीच पूर्ववत झाल्या नाहीत. आरोपीला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि चोरी यांसाठी. लैंगिक अत्याचाराचा आरोप खटल्यात आलाच नाही. इथेही नोंदच झाली नाही, हे लक्षात घ्या.

पुढे सुमारे ४२ वर्षे, १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची काळजी घेतली. इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नाही, असे रुग्णालयाने सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितले. दयामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना न्यायालयाने रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीऐवजी केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला.

या निकालाचे कौतुक बहुधा परिचारिकांच्या माया-ममतेच्या भाषेत होते. स्त्रीवादी वाचन त्यात आणखी एक गोष्ट पाहते. ठरावीक वेळाने कूस बदलणे, त्वचेवर लक्ष ठेवणे, न बोलणाऱ्या रुग्णाला काय आवडते आणि काय सहन होत नाही हे ओळखणे, ही कौशल्ये आहेत. रोजच्या सहवासातून मिळालेल्या या ज्ञानाला त्या निकालाने कायदेशीर वजन दिले.

आकडे वाचताना घ्यायची काळजी

गडचिरोलीचा ९२ टक्के हा आकडा दोन गावांचा आहे. तो देशाला लावता येत नाही. शिवाय कोणत्या स्थितीला ‘आजार’ म्हणायचे, यावरही टक्केवारी बदलते. कर्नाटकात जगदीश भाटिया आणि जॉन क्लेलंड यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्त्रियांनी स्वतः सांगितलेली लक्षणे विचारात घेतली होती. तिथे सुमारे एक तृतीयांश स्त्रियांनी किमान एक लक्षण सांगितले. दोन्ही अभ्यास वेगवेगळी गोष्ट मोजतात: एक शरीरातील आजार, दुसरा बाईला जाणवणारा आणि ती सांगू शकणारा त्रास.

केवळ दखल घेतली म्हणजे न्याय झाला, असेही नाही. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे जवळपास १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. वयोगट सारखे नसले तरी तफावत मोठी आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल, एका दिवसाच्या खाड्याचा दंड, फडात पाणी व शौचालयाचा अभाव या परिस्थितीत पाळी आणि पांढरे जाणे या कामातील अडचणी ठरतात. औषधाने बऱ्या होऊ शकणाऱ्या तक्रारीवरही मग शस्त्रक्रिया सुचवली जाते. दुखणे ऐकले गेले, पण बाईच्या सोयीने नव्हे.

समारोप

स्त्रीवादी संशोधन म्हणजे केवळ स्त्रियांविषयीचे संशोधन नव्हे. नोंद कोणी केली, कोणाला विचारले, कोणता रकाना नव्हता आणि कोणाचे काम ‘सेवा’ म्हणून विनामूल्य धरले, हे तपासणारी ती पद्धत आहे. रुग्ण स्त्री आणि परिचारिका या दोघींना एकाच अभ्यासात आणले, तरच अंगावर काढलेल्या दुखण्याचे पूर्ण कारण हाती लागते.

विचारासाठी प्रश्न

१. तक्रारीवर आधारित सर्वेक्षण आणि तपासणीवर आधारित सर्वेक्षण यांचे निष्कर्ष वेगळे का येतात? दोन्हींची गरज कुठे पडते?

२. ‘सेवा’ या शब्दाने परिचारिकांना काय मिळवून दिले आणि काय हिरावून घेतले?

३. बेंगळुरूच्या बेळ्ळंदूरसारख्या भागात उंच गृहसंकुले आणि स्थलांतरित कामगारांच्या वस्त्या जवळजवळ आहेत. संकुलात आजारी वृद्धांची काळजी घेणारी बाई स्वतः आजारी पडली, तर तिची नोंद कुठे होईल? आपल्या परिसरात याचा अभ्यास करायचा झाल्यास पहिला प्रश्न कोणाला विचाराल?