पापडी कतारगामची, मळे कोणाचे?

हिवाळा लागला की सुरतेत घरोघरी उंधियूचा घाट घातला जातो. त्यातील मुठिये, म्हणजे चिरलेली मेथी, बेसन व कणीक एकत्र मळून, मुठीत वळून तळलेले गोळे, ही आमच्या कोथिंबीर-वडीची सख्खी बहीणच. ते आणि वाटीभर कढी एवढ्यावरही रात्रीचे शाकाहारी जेवण विनासायास साधते. परंतु उंधियूला पापडी हवी ती कतारगामचीच, हा सुरतकरांचा जुना आग्रह. ज्या मळ्यांनी हे नाव कमावले, तेथे आज हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने आणि इमारती दाटल्या आहेत. या धंद्याने हजारो हातांना काम दिले, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र कारखाना अन्यत्र हलविता येतो. तापीकाठची गाळाची जमीन हलविता येत नाही. वसईच्या सुकेळ्यांची कहाणीही याहून निराळी नाही. शहरांचे आराखडे आखताना रस्ते, शाळा, उद्याने यांप्रमाणेच भाजीमळ्यांसाठीही जागा राखली पाहिजे. अन्यथा कढईत मुठिये राहतील, पण पापडीचे गाव तिच्या नावापुरतेच उरेल.